दोन ग्रॅम साखर आणि शून्यावर अडलेला काटा

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय; आंबलं की ते फसफस यावी म्हणून थोडी साखर घालून बाटलीत बंद करायचं. बाटलीत भरताना ही साखर किती घालायची, असं कुणालाही विचारा, "चमचाभर" एवढंच उत्तर मिळतं. कुणाचा चमचा? सपाट की शिगोशीग? ते कुणी सांगत नाही.

घरी बिअर करायचा प्रश्नच नव्हता, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं विनापरवाना ती करता येत नाही. पण बाटलीत फसफस आणायचं गणित बिअरवाल्यांनीच नीट मांडलंय. लिटरला ४ ग्रॅम साखर यीस्टनं पूर्ण खाल्ली, की साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ते लिटरला ६-७ ग्रॅम घालतात. आपण हा आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही. बिअरमधली यीस्टला पचणारी साखर तोवर संपलेली असते, कोंबुचात ती बरीच शिल्लक असते आणि बंद बाटलीत तीही खाल्ली जाते. म्हणून मी अर्ध्या लिटरला २ ग्रॅमवर थांबते.

आता हे २ ग्रॅम मोजायचे कसे? स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो, असं खोक्यावर ठळक छापलेलं. वाटी ठेवली, शून्य केलं, चिमटीनं साखर सोडायला लागले. शून्य. आणखी सोडली. शून्यच. वाटीचा तळ झाकला तरी काटा ढिम्म. मग दहा रुपयांचं नाणं टाकलं, तर लगेच ८! (नाण्याचं वजन साधारण ७.७ ग्रॅम असतं.) म्हणजे काटा चालतोय, फक्त माझी साखर त्याला दिसत नाही.

दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं किलोचं वजन ठेवलं, १००० आले. "दाखवतोय की बरोबर, ताई." मी म्हटलं, चिमटीनं साखर टाकून बघा. "एवढी बारीक साखर कोण मोजतंय? त्याला गुजरीत जावा, सोनाराकडं." मागं उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. बदलून काही दिला नाही. मी तणतणत घरी.

कारण नंतर कळलं. असे काटे शून्याजवळचा बारीकसा बदल हवेनं हललं असेल असं धरून आपोआप पुसून टाकतात. चिमूट चिमूट टाकलं, की प्रत्येक चिमूट पुसली जाते. खोक्यावर मात्र याचा उल्लेख नाही, हा राग अजून गेलेला नाही. वाटीसकट वजन घ्या, शून्य करू नका आणि वाटीचं वजन वजा करा. माझ्या काट्यावर तरी हे चालतं.

पण खरी सुटका पाकानं झाली. ५० ग्रॅम साखर एकदम मोजायची, तिथं एखादा ग्रॅम इकडंतिकडं झाला तरी बिघडत नाही. पाण्यात उकळायची, गार झाल्यावर उकळलेलंच पाणी घालून सगळं मिळून २५० मिली करायचं. आता ५ मिलीत बरोबर १ ग्रॅम साखर. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणली, सुई काढून टाकली. एक सिरिंज, एक बाटली. सोनाराची गरज पडली नाही, हे त्या दुकानदाराला सांगायची फार इच्छा आहे.

सासूबाईंचं म्हणणं, "कोल्हापुरात राहून साखर कसली घालतीस, गूळ घाल की." चवीला गूळ सरस, वादच नाही. पण त्यात पाणी आणि मळी ढेपेगणिक कमीजास्त, त्यामुळं २ ग्रॅम गुळात साखर नेमकी किती ते ठरत नाही. पहिल्या टप्प्यात, चहात, खुशाल घाला.

हो, एक बाटली सोड्याची प्लॅस्टिकची भरा. दाबून बघता येते. दगडासारखी लागली की सगळ्या फ्रिजमध्ये, गार झाल्यावरच उघडायच्या. एप्रिलमध्ये रोज दाबून बघायची. वर दोन बोटं जागा सोडायची. आणि चौकोनी काचेची बाटली कितीही देखणी असली तरी यात नको. ती कोपऱ्यात तडकते.