आमची वाटचाल: आधी निदान, मग पाना

धंद्याच्या पहिल्याच वर्षी आम्ही एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विनाकारण खोलला. ते लपवण्यात अर्थ नाही, कारण आज आम्ही जे काम करतो ते तिथूनच सुरू झालं.

गाडी जुनी, थ्री स्पीड. तक्रार अशी, की गिअर उशिरा पडतो आणि पडताना मागून कुणी धडक दिल्यासारखा झटका बसतो. आम्ही दोघे भागीदार, दोघांचाही हात मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसलेला. ‘क्लच प्लेटा गेल्या’ म्हणून मोकळे झालो. चार दिवस खपून बॉक्स उतरवला, प्लेटा, सील, बँड (आतल्या ड्रमला आवळून धरणारे पट्टे) बदलले, परत चढवला. ट्रायलला निघालो तर तोच झटका! तिसऱ्या ट्रायलनंतर बॉनेट उघडं टाकून, इंजिन चालूच ठेवून, दोघेही गप्प उभे होतो. तेव्हा भागीदाराला बारीक फुसफुस ऐकू आली. इंजिनकडून गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरला, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवरून (हवेच्या ओढीवरून) रेस किती दाबलीय ते ओळखणाऱ्या भागाला, जाणारा रबरी पाइप वाकणावर तडकला होता. व्हॅक्यूम पोचला नाही, की मॉड्युलेटरच्या हिशेबी ड्रायव्हरने रेस पूर्ण दाबलेली असते. मग बॉक्स आतला दाब वाढवतो, गिअर लांबवतो आणि बदलतो तो दणक्यात. वीतभर पाइप घातला, गाडी लोण्यासारखी चालली. गिऱ्हाइकाला खरं ते सांगितलं, मजुरी घेतली नाही. तो पुढेही येत राहिला, हे त्याचं मोठेपण.

त्या दिवसापासून दोन गोष्टी ठरल्या. निदान हे वेगळं काम, त्याचं जॉबकार्ड वेगळं आणि पैसेही वेगळे. आणि निदान लिहून झाल्याशिवाय बॉक्सच्या बोल्टला पाना लावायचा नाही. ‘नुसतं बघायचे पैसे?’ म्हणत काही गिऱ्हाइकं परत गेली. सुरुवातीला जीव खालीवर व्हायचा. आता होत नाही.

बघायचं म्हणजे आधी ऑइल. जमीन सपाट हवी, ऑइल चांगलं गरम हवं, इंजिन चालू हवं. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवायचा, पार्कला आणायचा आणि मग डिपस्टिक काढायची. काही कंपन्या न्यूट्रलमध्ये बघायला सांगतात, काही इंजिन बंद करून, म्हणून त्या गाडीचं मॅन्युअल आधी उघडायचं. थंड ऑइलची पातळी खाली दिसते. तेवढ्यावर कुणी वरून भर घातली, की गरम झाल्यावर ऑइल जास्त होतं, फिरत्या भागांत घुसळून त्याचा फेस होतो आणि फेसाने दाब धरत नाही. म्हणजे कमी ऑइलने जे होतं तेच जास्त ऑइलने. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला की निम्मी गोष्ट कळते. लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. काळपट आणि करपट वासाचं असेल तर प्लेटा जळताहेत. गुलाबी दुधासारखं असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी शिरलंय, आणि ती गाडी चालवत घरी न्यायची नाही. ऑइल कमी होतंय, खाली डाग नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर व्हॅक्यूम पाइप काढून आत बोट घालतो. बोट लाल झालं, तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन ते ऑइल पिऊन टाकतंय.

मग ट्रायल. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला तेव्हा कॉम्प्युटर कुठे होता? गाडीच्या वेगाचा दाब एका बाजूने, रेसचा दाब दुसऱ्या बाजूने, मधे एक व्हॉल्व्ह. ज्याचा जोर जास्त त्याचं चालायचं. हे एकदा डोक्यात बसलं की गाडी स्वतःच सांगते. वरचा गिअर पडतच नाही, तर वेगाचा दाब देणारा गव्हर्नर अडकलाय का बघा. सगळेच गिअर अवेळी पडताहेत, तर रेसकडून येणारी केबल तपासा. कुठल्या गिअरला कुठला क्लच आणि कुठला बँड धरतो याचा तक्ता आमच्या भिंतीवर आहे. जुन्या थ्री स्पीड बॉक्सांत बहुधा तिसरा आणि रिव्हर्स यांना एकच क्लच असतो. ते दोन्ही स्लिप होतात आणि पहिला-दुसरा ठणठणीत आहेत, तर चोर सापडला, तोही काही न खोलता.

स्टॉल टेस्ट आम्ही क्वचितच करतो. ब्रेक दाबून, गिअरमध्ये, पूर्ण रेस, पाच सेकंदांच्या वर नाही. आरपीएम ठरल्यापेक्षा जास्त गेला तर आत काहीतरी घसरतंय, फार कमी राहिला तर इंजिन अशक्त किंवा कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग) खराब. पण जुन्या बॉक्सला ही परीक्षा जड जाते. प्रेशर गेज लावून तेच उत्तर मिळत असेल तर कशाला छळायचं?

पुढे कॉम्प्युटरवाल्या गाड्या येऊ लागल्या आणि आम्ही वायरिंग जाणणारा मुलगा ठेवला. आमच्या दोघांपेक्षा तो चलाख निघाला. एकाच गिअरमध्ये अडकलेल्या कितीतरी गाड्या त्याने कनेक्टर साफ करून, अर्थिंग घट्ट करून किंवा एखादा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बदलून बाहेर काढल्या. दोन पोस्ट लिफ्ट त्यानंतरची, आताची मोठी जागाही.

‘जुनं ऑइल बदललं की बॉक्स जातो’ असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. बॉक्स स्लिप व्हायला लागल्यावरच लोकांना ऑइल आठवतं, मग दोष ऑइलवर जातो. तरी ज्या गाडीचं ऑइल करपलंय आणि जी आधीच स्लिप होतेय, तिचं नुसतं ऑइल बदलायला आम्ही नकार देतो. बॉक्सच्या तळाचं ऑइलचं चेंबर उघडून दाखवतो. मॅग्नेटवर राखाडी बारीक चिखल असेल तर ती वयानुसार झीज. चकचकीत कण आणि काळा भुगा असेल तर बॉक्स उतरवण्याबद्दल बोलू.

गाडी आणायची असेल तर आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. बॉक्स थंड असताना पहिल्यांदा ड्राइव्हला टाकल्यावर गाडी किती उशिराने धरते, हे आम्हाला सकाळी स्वतः बघायचं असतं. गरम गाडी ते सांगत नाही. आणि येण्याआधी ऑइलची भर घालू नका.