आमची वाटचाल : पासिंगच्या यंत्रांची पासिंग

गाडी पासिंगला उभी राहिली की सगळ्यांची नजर गाडीवर असते. टायर, हेडलाइट, ब्रेक, धूर. ती ज्या यंत्रावर उभी आहे ते खरं बोलतंय का, हे फारसं कुणी विचारत नाही. आमचा सगळा धंदा त्या एका प्रश्नावर उभा आहे. ब्रेक टेस्टर, स्मोक मीटर, गॅस अॅनलायझर आणि हेडलाइट टेस्टर यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र खरं वाचन दाखवतं का याची पडताळणी, आम्ही करतो आणि त्याचा दाखला देतो. आमच्या दाखल्यात खोट निघाली, तर त्या यंत्रावर पास झालेल्या प्रत्येक गाडीच्या फिटनेसमध्ये खोट आहे. हे आम्ही पहिल्या दिवसापासून मानलं आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली.

सुरुवात पीयूसीच्या यंत्रांपासून झाली. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 115 वा नियम धुराचा. त्यापाठोपाठ पीयूसी केंद्रं उभी राहिली आणि यंत्रं विकणारे जागोजागी झाले. विकलेलं यंत्र दोन वर्षांनी काय दाखवतं, हे बघायला मात्र कुणी येत नव्हतं. मी तेव्हा अशाच यंत्रांच्या दुरुस्तीत होतो. माझा भागीदार लेथवरचा माणूस. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, मीही मिस्त्रीच म्हणतो. कागदावरचं गणित माझं, लोखंडातलं त्याचं.

स्मोक मीटरचं काम वरवर सोपं दिसतं. धूर एका नळीतून जातो, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डोळा. जुन्या डिझेल गाड्यांना मर्यादा 65 हार्ट्रिज (धूर किती प्रकाश अडवतो त्याचं माप). बीएस-4 पासून ती 50 वर आली. आम्ही ठरावीक अपारदर्शकतेची काच मध्ये सरकवतो आणि वाचन जुळतंय का ते बघतो. शून्य आणि शंभर कुठलंही यंत्र दाखवतं. खरी परीक्षा मधल्या काचेवर, कारण गाडी पास की नापास याचा निकाल तिथेच लागतो. फक्त शून्य-शंभर बघून शिक्का मारणारे मी खूप पाहिले.

गॅस अॅनलायझरमध्ये लबाडी करावीच लागत नाही, दुर्लक्ष पुरतं. नळीला बारीक चीर गेली की बाहेरची हवा आत शिरते आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन सगळंच कमी दिसू लागतं. गाडी जितकी घाण, तितकी नळीची चीर तिच्या फायद्याची. म्हणून आमचा माणूस तपासणीच्या वायूच्या सिलिंडरचा कॉक फिरवण्याआधी प्रोबचं (गाडीच्या धुराच्या नळीत घालायच्या टोकाचं) तोंड बंद करून गळती बघतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो आणि यंत्र हायड्रोकार्बन दाखवतं हेक्झेनच्या हिशेबात, त्यामुळे यंत्रावर लिहिलेला गुणक लावावा लागतो. तो बहुधा 0.5 च्या आसपास असतो. तो न लावता वाचन ‘जुळवून’ गेलेल्यांची यंत्रं आमच्याकडे आली आहेत. ती सरळ दुप्पट दाखवत होती.

पण आमचं नाव झालं ते ब्रेक टेस्टरवर आणि त्याचं श्रेय मिस्त्रीनं घडवलेल्या दंडाला, म्हणजे वजन लटकवायच्या लांब दांड्याला.

रोलर ब्रेक टेस्टरमध्ये प्रत्येक चाकाखाली दोन रोलर असतात. मोटर ते फिरवते, ड्रायव्हर ब्रेक दाबतो, चाक रोलरला अडवतं आणि तो अडवण्याचा जोर लोडसेल मोजतो. मधला तिसरा बारीक रोलर चाकाचा वेग बघत असतो. टायर घसरायला लागला की तो मोटर बंद करतो. हे यंत्र तपासायचं तर रोलरवर माहीत असलेला जोर टाकावा लागतो. त्यासाठी दंड जोडायचा आणि टोकाला वजन लटकवायचं. मिस्त्रीनं दंडाची लांबी रोलरच्या त्रिज्येच्या बरोबर दहापट धरली. 20 किलोचं वजन लटकवलं की रोलरच्या पृष्ठभागावर सुमारे 1,960 न्यूटन जोर येतो. हिशेब तोंडी करता येतो आणि समोर उभ्या असलेल्या कुणालाही समजावता येतो.

दंडाचं स्वतःचं वजन खोटं वाचन देतं, म्हणून त्यानं उलट्या बाजूला समतोलाचं वजन बसवलं आणि ते बारीक आट्यांवर सरकतं ठेवलं. वर पाणसळ कायमची जडवली, कारण दंड दहा अंश कलला तर दीड टक्का जोर तिथेच हरवतो. वजन अडकवायची खाच त्यानं गोल न ठेवता सुरीसारख्या धारेची केली, म्हणजे लटकण्याची जागा हलत नाही. रोलर बदलला की दंडाचा जोड बदलतो, म्हणून प्रत्येक मापाचा वेगळा जोड पेटीत, त्यावर नंबर ठोकलेला. बाहेरून आलेले तयार दंड आम्ही नंतर वापरून पाहिले. पाणसळीची जागा आणि धारेचं काम यांत मिस्त्रीच्या दंडाजवळ जाणारा मला अजून दिसलेला नाही.

मधली बरीच वर्षं कामात गेली. माणसं वाढली, गाडी घेतली, मोठ्या वाहनांच्या लाइन (तपासणी यंत्रांच्या रांगा) आल्या.

मग 2021 च्या सप्टेंबरमध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम निघाले. माणसाच्या डोळ्याऐवजी यंत्रानं मोजायचं, निकाल संगणकानं लावायचा. केंद्र चालवणाऱ्याला गाड्यांच्या दुरुस्तीचा किंवा विक्रीचा धंदा करायला मनाई. हा नियम मला तेव्हाही पटला, आजही पटतो. मला वाटलं, आता तरी यंत्राच्या खरेपणाला मोल येईल. मोल आलं, पण आधी आला एक प्रतिस्पर्धी.

त्याचं नाव मी लिहीत नाही. या क्षेत्रातल्यांना ते माहीत आहे. त्याच्या गाडीत वजनं नव्हती, दंड नव्हता. लॅपटॉप होता. सॉफ्टवेअर उघडायचा, लोडसेलचा गुणक हवा तसा फिरवायचा, दाखला छापायचा, हिरवा स्टिकर चिकटवायचा आणि पुढच्या केंद्रावर जायचा. आम्हाला एका लाइनला अख्खा दिवस लागतो, त्याला तासभर पुरायचा. त्याचा एक दाखला माझ्या हाती आला तेव्हा मी तो मिस्त्रीसमोर ठेवला. पाच वेगवेगळ्या जोरांवर पाचही ठिकाणी तंतोतंत एकच त्रुटी. खरं यंत्र असं वागत नाही. कुठे थोडं वर, कुठे थोडं खाली, वजनं उतरवताना आणखी वेगळं. पाचही आकडे सारखे आले, याचा अर्थ वजन लटकलेलंच नाही.

आणि गुणक फिरवण्याचा परिणाम काय, तोही सांगतो. यंत्र वीस टक्के जास्त दाखवत असेल, तर 45 टक्के कार्यक्षमतेचे ब्रेक पडद्यावर 54 दिसतात. ड्रायव्हर तो कागद घेऊन घाट उतरतो.

आमची गिऱ्हाइकं तुटली ती एकट्या दरामुळे नाही, एका रकान्यामुळे. आमच्या दाखल्यात दोन वाचनं असतात : आम्ही आलो तेव्हा यंत्र काय दाखवत होतं आणि दुरुस्तीनंतर काय दाखवतं. केंद्रचालकांना पहिला रकाना नको होता. यंत्र आलो तेव्हा चुकत होतं असं लिहिलं, तर मागच्या महिन्यात त्यावर पास झालेल्या गाड्यांचं काय, असा प्रश्न उभा राहतो. ‘साहेब, दुसरा रकाना छापा, पहिला कशाला?’ एकानं मला तर सरळ सांगितलं, तो रकाना काढा आणि वर्षभराचं काम घ्या. मी नाही म्हणालो. मिस्त्री तेव्हा शेजारीच उभा होता, त्यानं दंडाची पेटी उचलून गाडीत टाकली.

त्यानंतर कामं एकामागून एक गेली. ज्यांच्या लाइन आम्ही बसवताना जमीन समपातळीत आणून दिली, त्यांनी फोन घेणं बंद केलं. सिलिंडरवाल्यानं उधारी थांबवली. दोन चांगली पोरं त्याच प्रतिस्पर्ध्याकडे गेली. पोरांना मी दोष देत नाही, घरं चालवायची होती. आमच्या वजनांचा दाखला संपत आला होता. वजनंही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आणावी लागतात, नाहीतर आमच्या शब्दाला आधार काय? मिस्त्रीनं आपला हिस्सा घेणं बंद केलं आणि वजनं तपासायला पाठवली. त्या काळात आमच्याकडे एकच मोठी लाइन उरली होती, मास्तरांची.

मास्तर म्हणजे एका केंद्राचे प्रमुख. पूर्वी मेकॅनिकल शिकवत, म्हणून मास्तर. वर्षानुवर्षं त्यांनी आमचा पहिला रकाना आधी वाचला, सही नंतर केली. वाचन बिघडलेलं दिसलं तर त्या काळातल्या गाड्यांची यादी काढायला स्वतः बसायचे.

त्यांच्या लाइनवर एक ट्रक नापास झाला. पुढच्या एक्सलवर डावं चाक उजव्यापेक्षा बरंच कमी धरत होतं. मालकानं तो दुसऱ्या केंद्रावर नेला, तिथे हिरवा स्टिकर होता, तिथे तो पास झाला. मालक कागद घेऊन मास्तरांवर ओरडत आला. मास्तरांनी वाद घातला नाही. आम्हाला फोन केला, ‘दंड घेऊन या. शेठ इथेच थांबणार आहेत.’

आम्ही गेलो. मिस्त्रीनं दंड जोडला, पाणसळ बघितली आणि वजन मालकाच्या हातात दिलं. ‘शेठ, तुम्हीच लटकवा.’ मालकानं लटकवलं. पडद्यावरचा आकडा आणि तोंडी हिशेब जुळला. दुसरं वजन, तिसरं वजन, मग उलट क्रमानं. डावीकडे जुळलं, उजवीकडे जुळलं. मग ट्रक पुन्हा रोलरवर घेतला, डावं चाक तसंच. शेठनं तिथल्या तिथे ब्रेकचा ड्रम उघडवला. हबचं सील गेलेलं, लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) ग्रीसनं माखलेले. जोरात ब्रेक लागला असता तर गाडी उजवीकडे ओढली गेली असती, समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर. शेठनं लायनर बोटानं चाचपला आणि विचारलं, ‘माझ्या बाकीच्या गाड्या तिकडेच पास झाल्यात, त्यांचं काय करू?’

गाडीमालकाला पासिंग हवं असतं, पण त्याला ब्रेकही हवे असतात, हे आमच्या क्षेत्रातले लोक विसरले होते. शेठनं आपल्या ओळखीच्या मालकांना सांगितलं. ते केंद्रांवर जाऊन पहिला रकाना मागू लागले. हळूहळू फोन परत सुरू झाले. जे सोडून गेले होते ते काही न घडल्यासारखे आले. मी कामं घेतली, कारण लाइन खरी बोलली पाहिजे. पण त्या दिवसांत कोण कसं वागलं ते मी विसरलेलो नाही आणि काहींची जुनी बिलं अजून यायची आहेत.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 4,61,312 अपघात झाले, 1,68,491 माणसं गेली. कारणांत अतिवेग सर्वांत वर असतो. माझं मत असं की त्यातल्या कितीतरी अपघातांत ड्रम कुणी उघडूनच बघितलेला नसतो. वेग जास्त होता हे खरं असेल, पण ब्रेकनं डावीकडे किती आणि उजवीकडे किती धरलं, हे कोण मोजतं? व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस घ्यावं लागतं. म्हणजे जुन्या ट्रकचे ब्रेक नीट मोजले जाण्याची हमखास संधी वर्षातून एकदाच येते. ती खोट्या यंत्रावर गेली तर पुढचं वर्षभर तो ट्रक भरवशावर चालतो.

केंद्रचालकांना काही गोष्टी सांगतो. रोलरवरचा खडबडीत थर झिजला की टायर लवकर घसरतो आणि चांगले ब्रेकही कमजोर दिसतात. हा दोष आमच्या दंडाला सापडत नाही, तो तुम्ही रोज हात फिरवून बघायचा. हेडलाइट टेस्टरचे रूळ आणि गाडी उभी राहायची जागा पाणसळीत ठेवा. अर्धा अंश फरकानं दहा मीटरवर साधारण नऊ सेंटिमीटर चूक होते आणि डिपरचा झोत एक टक्का, म्हणजे त्याच अंतरावर दहा सेंटिमीटर खाली धरला, तर तुमची सगळी मोजणी जमिनीनंच गिळली. गाडीमालकांनो, मोठा ट्रक अगदी रिकामा नेलात तर चाक लवकर लॉक होतं आणि ब्रेकचा पूर्ण जोर कळतच नाही. आदल्या दिवशी स्लॅक अॅडजस्टर (ब्रेकचा सैलपणा काढणारा भाग) आवळून जाऊ नका. लायनर बघा, सील बघा, मग जा.

मिस्त्री आता प्रवास कमी करतो. दंडाचे नवे जोड मात्र तोच लेथवर काढतो आणि नंबर स्वतः ठोकतो. नव्या पोरांना आम्ही महिनाभर नुसतं वजन लटकवायला लावतो, लॅपटॉप नंतर.

आमच्याकडून लाइन तपासून घ्यायची असेल तर मागच्या दाखल्याची प्रत आणि कच्च्या नोंदींची वही तयार ठेवा. वही नसेल तर तसं आधी सांगा, म्हणजे आम्ही दोन दिवस धरून येऊ. पहिला रकाना छापला जाईल.