पीटी-७६ चं मॉडेल, रेफरन्सची पुस्तकं आणि तो "मार्गदर्शकाचे नाव" रकाना

मॉडेलसाठी लष्करी इतिहासाचं पुस्तक घेताना पैसे कशावर घालायचे ते सांगायला बसलोय, पण आधी त्या लायब्ररीचं लिहून टाकतो, अजून डोक्यातून जात नाहीये.

करायला घेतला होता पीटी-७६, म्हणजे सोव्हिएत बनावटीचा हलका रणगाडा, ट्रम्पीटर कंपनीचं १/३५ किट (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं). प्रसंग तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरच्या लढाईचा, २०-२१ नोव्हेंबर १९७१, म्हणजे युद्ध अधिकृतपणे सुरू व्हायच्या आधीचा. १४ पंजाब बटालियन, सोबत ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटची एक स्क्वाड्रन (तुकडी), १४ रणगाडे, आणि धुक्यातून चालून आलेले पाकिस्तानचे शॅफी रणगाडे. मला गाडी आपलीच पाहिजे होती, खुणा, रंग, मागे बांधलेलं सामान सगळं. किट मागवणं, रंग मिळवणं वगैरे पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलो फोटोवर. एका जुन्या रेजिमेंटल इतिहासात १९७१ चे फोटो आहेत असं कळलं. बाजारात तो मिळेना, नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांतही विचारून झालं, आणि मग समजलं की आपल्याच शहरातल्या एका लायब्ररीत आहे, संदर्भ विभागात, कुलुपाच्या कपाटात. मी तर उडालोच. गेलो तर फॉर्म दिला हातात. नाव, पत्ता, संशोधनाचा विषय, संस्था, मार्गदर्शकाचे नाव, मार्गदर्शकाची सही. मी म्हटलं सर, मी पीएचडी करत नाहीये, मॉडेल बनवून राहिलो, फक्त फोटो बघायचे आहेत. ते म्हणाले, "मार्गदर्शक नसेल तर फॉर्म अपूर्ण आहे." बरं, "लागू नाही" लिहिलं. परत आला. "स्वतंत्र अभ्यासक" लिहिलं, तोही परत, आणि यावेळी म्हणे साहेबांना विचारावं लागेल, साहेब मीटिंगमध्ये. पुढच्या वेळी साहेब भेटले तर कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते सुट्टीवर. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात दुपारी हाफ डे टाकून जायचं, बाहेरच्या बाकावर बसायचं आणि तेच ऐकून परत यायचं, खरंच संताप यायचा. पुस्तक माझ्यापासून दहा पावलांवर, काचेतून कणा दिसून राहिला, आणि ते कोणी वाचत पण नाही! सार्वजनिक पैशातून घेतलेलं पुस्तक बघायला गाईड कशाला लागतो हे मला कोणीही सांगितलं नाही, आणि हे आजही मला चुकीचंच वाटतं. छंदासाठी वाचणारा माणूस वाचक नाही का?

सुटलं कसं ते सांगतो. जवळच कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर असल्यामुळे आपल्याकडे रिटायर्ड फौजी भरपूर, आमच्याच गल्लीत एक सुभेदार साहेब राहतात. त्यांना सहज सांगितलं तर म्हणाले, "माझं नाव लिही न बेटा, पुढचं मी पाहतो." पाहिलं पण त्यांनी, स्वतः माझ्यासोबत आले, मार्गदर्शकाच्या रकान्यात हुद्द्यासकट सही केली, आणि चावी पंधरा मिनिटांत सापडली. इतका आनंद झाला की काय सांगू.

मोबाईलने फोटो काढायचे नाहीत आणि झेरॉक्स मोजक्याच पानांची, त्यामुळे जाताना ट्रेसिंग पेपर, पट्टी, पेन्सिल न्या. सुभेदार साहेब शेजारी बसून सांगत होते ताडपत्री कशी गुंडाळतात, टो रोप (गाडी ओढायचा दोर) कुठून फिरवतात, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून फौजी ओळखीचा असेल तर फोटो त्याला नक्की दाखवा.

आता पुस्तकांचं. लढाईची कहाणी सांगणारी पुस्तकं कितीही सुंदर असोत, मॉडेलला थोडीच कामाची. त्यांच्यातून तारीख, युनिट, जमीन, हवा घ्या, धुकं होतं, चिखल होता, तेवढं. त्याच स्क्वाड्रनमधल्या अधिकाऱ्याच्या आठवणी मिळाल्या तर मात्र जरूर वाचा. ऑस्प्रे प्रकाशनाची ती ४८ पानी पुस्तकं चांगली, पण मधली रंगीत चित्रं चित्रकाराने काढलेली असतात, त्यांच्यावरून रंग ठरवू नका, आधी बाजूचा फोटो बघा. फोटोच्या खाली तारीख, जागा, युनिट असेल तर पुस्तक घ्या, नुसतं "भारतीय रणगाडा" लिहिलं असेल तर ठेवून द्या. ब्लॅक अँड व्हाइट फोटोतून खुणा, डेंट, सामान कळतं, हिरवा नेमका कुठला ते कळत नाही. म्युझियममधल्या गाड्या पण पुन्हा रंगवलेल्या असतात, तिथून मोजमाप घ्या, रंग नका घेऊ.

पीटी-७६ करत असाल तर सगळ्यात आधी मझल ब्रेक, म्हणजे तोफेच्या नळीच्या टोकाचा भाग, बघा. सुरुवातीच्या रणगाड्याला लांब, खूप खाचांचा असतो, १९५७ नंतरच्याला दोन बॅफलचा (आडव्या पडद्यांचा) आणि नळीवर धूर काढणारा फुगवटा. हे दोन्ही एकच समजणारं पुस्तक असेल तर बाकी पानं उघडूच नका.

हो, ड्रॉइंगचं राहिलंच. पुस्तकात १/७२ चं असेल तर १/३५ साठी झेरॉक्स २०६ टक्के करायला सांगा. मग पट्टी लावून रुंदी बघा, खरी गाडी साधारण ३.१४ मीटर, म्हणजे कागदावर नऊ सेंटीमीटरच्या जवळ यायला पाहिजे. नाही आली तर ड्रॉइंगच चुकलंय, ते वापरू नका. सुभेदार साहेब आता विचारून राहिले की पुढचा सेंच्युरियन रणगाडा कधी घेतोस, आणि त्याच्या पुस्तकाच्या फॉर्मवर पण सही करायला ते तयार आहेत.