उथळ पाण्यातले छायाचित्रण : आधी आपली विहीर

पाण्याखालच्या छायाचित्रणाचा विषय निघाला की मालवण-तारकर्लीचा समुद्रच डोळ्यांसमोर येतो आणि मराठवाड्यातल्या होतकरू छायाचित्रकाराला ही कला आपल्यासाठी नाहीच, असे वाटून जाते. मला ते मुळीच पटत नाही. पावसाळ्यातला गढूळपणा ओसरून गाळ तळाशी बसला, की पायऱ्यांच्या विहिरीत कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा या छायाचित्रणातले बहुतेक सारे शिकता येते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंतर. पाण्यात तरंगणारे बारीक कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे कॅमेरा आणि वस्तू यांच्यामध्ये जितके पाणी जास्त, तितके चित्र फिके आणि धूसर होते. शिवाय प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातली वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांश जवळ भासते, म्हणून आपण पुरेसे जवळ आलो आहोत असे वाटल्यावरही आणखी पुढे सरकावे. झूम वापरून हे अंतर कमी होत नाही, कारण मधले पाणी तेवढेच राहते. रुंद कोनाची लेन्स घेऊन हातभर अंतरावरून छायाचित्र काढावे.

रंगांचेही असेच आहे. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषते, आणि यात केवळ खोली मोजून भागत नाही: वस्तू एक मीटर खोल आणि आपण तिच्यापासून दोन मीटर दूर असलो, तर प्रकाशाचा पाण्यातला प्रवास किमान तीन मीटरचा होतो. त्याच खोलीवर पांढरी प्लास्टिकची पाटी धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसेल अशी कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी, साधावा. कॅमेऱ्यात रॉ फाइलची (रंग नंतर सुधारता येतील अशा, प्रक्रिया न केलेल्या मूळ चित्रनोंदीची) सोय असल्यास ती अवश्य वापरावी.

विहीर खोल असल्यामुळे ऊन थेट पाण्यावर येते ते मध्यान्हीच्या सुमारास, तेव्हा हीच वेळ धरावी. कॅमेऱ्यातला फ्लॅश बंद ठेवावा, कारण त्याच्या उजेडात समोरचे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. पोहणाऱ्यांसाठी शटरचा वेग १/२५० सेकंद तरी असावा. पाणी संथ असताना खालून सरळ वर पाहिल्यास बाहेरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या एका वर्तुळात सामावलेले दिसते. विहिरीचा काठ, त्यावर वाकलेली माणसे आणि आकाश एकाच चौकटीत येण्याची ही संधी समुद्रात मिळत नाही, आणि मला तरी ती फार मोलाची वाटते.

तळावर पाय टेकवू नये, गाळ उठतो. पायरीला एका हाताने धरून स्थिर राहावे.

कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ पेटी आधी रिकामीच, आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून, बुडवून पाहावी. तिच्या रबरी कड्यावर अडकलेला एक केससुद्धा पाणी आत येण्यास पुरेसा असतो. मालकाची परवानगी घ्यावी, पिण्याच्या पाण्याची विहीर टाळावी आणि पट्टीचा पोहणारा सोबती काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरूच नये.