आमची वाटचाल : चिखल झालेली वाळू आणि रेलवरची मोकळी जागा

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझा मावसभाऊ कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे विजेचे स्विच) आणि टायमर जोडून मशीनचे पॅनल बांधायचो. पीएलसीकडे, म्हणजे दिलेल्या प्रोग्रामप्रमाणे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाकडे, वळलो ते गिऱ्हाईकांमुळे. कोल्हापुरात फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, भरपूर. मोल्डिंगच्या वाळूत पाणी आणि बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) मोजून पडायला हवं, आणि पाच-सहा टायमरांच्या जुळणीत रोज काहीतरी बिनसायचं.

पहिलं मोठं काम होतं सँड मिक्सरचं. सीमेन्सचा एस७-१२०० हा कॉम्पॅक्ट पीएलसी घ्यायचा ठरला, म्हणजे सीपीयू आणि इनपुट-आउटपुट एकाच डब्यात. त्यात १२१४सी घेतला तर डब्यातच १४ इनपुट (बटणं, सेन्सरचे सिग्नल घेणारे), १० आउटपुट (व्हॉल्व्ह, मोटर चालू-बंद करणारे) मिळतात आणि बाजूला जादा इनपुट-आउटपुटची ८ मॉड्यूल जोडता येतात. १२१२सी स्वस्त, त्यात ८ इनपुट, ६ आउटपुट आणि बाजूला फक्त २ मॉड्यूल. आम्ही पॉइंट, म्हणजे लागणारे इनपुट-आउटपुट, मोजले, एका मॉड्यूलसह १२१२सीत बसत होते. कोटेशन कमी दिसावं म्हणून तोच घेतला.

मग मालकांची मागणी वाढत गेली. परतीच्या वाळूचा कन्व्हेअर जोडा, हॉपरची लेव्हल दाखवा, वाळूचं तापमान घ्या. दुसरं मॉड्यूल लागलं, सीपीयूच्या समोर बसणारा जादा पॉइंटचा छोटा सिग्नल बोर्डही लागला. एकही आउटपुट शिल्लक नाही, आणि आम्ही मात्र खूश, कारण सगळं बसलं होतं!

एका रात्रपाळीत पाण्याचा व्हॉल्व्ह बंदच होईना. घमेल्यात वाळू नाही, चिखल. व्हॉल्व्हची कॉइल आम्ही थेट पीएलसीच्या रिले आउटपुटवर घेतली होती, कॉइल बंद होताना येणारा विजेचा झटका शोषणारा सर्ज सप्रेसरही नव्हता. त्यामुळे रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला होता. एक आउटपुट मोकळा असता तर वायर हलवून, प्रोग्राममध्ये पत्ता बदलून पंधरा मिनिटांत काम झालं असतं. तो नव्हता. चिकटलेला आउटपुट सीपीयूच्याच डब्यातला, म्हणजे बदलायचा तर अख्खा डबा. तो पुण्याहून येईपर्यंत मिक्सरवरचा माणूस हाताने कॉक फिरवत बसला. मालक म्हणाले, "अहो, एक दिवा गेला तर तुम्ही घर बदलायला सांगताय."

त्या धसक्याने आम्ही उलट्या टोकाला गेलो. इचलकरंजीच्या एका साइझिंग मशीनला (विणण्याआधी सुताला खळ लावणारं) एस७-३०० हा मॉड्यूलर, म्हणजे सुट्या भागांचा, पीएलसी दिला. पॉवर सप्लाय वेगळा, सीपीयू वेगळा, कार्डं वेगळी. कार्ड बिघडलं तर सप्लाय बंद करायचा, वायरींसकट पुढचा कनेक्टर काढून नव्या कार्डावर बसवायचा, झालं. पण त्या मशीनला एवढ्याची गरजच नव्हती. मशीन पुढे कधी वाढलं नाही, आणि त्याच मालकाने पुढचं मशीन दुसऱ्याकडून घेतलं. त्यात कॉम्पॅक्टच होता. ते बरोबरच होते, असं मला आजही वाटतं.

आता पॉइंट मोजण्याआधी आम्ही विचारतो, हे मशीन वाढणार आहे का, आणि रात्री बंद पडलं तर हात लावणारा कोण? ठरावीक मशीनला कॉम्पॅक्ट, पण दोन-तीन आउटपुट मोकळे, प्रत्येक कॉइलच्या आधी बाहेरचा छोटा रिले, आणि प्रोग्रामची प्रत गिऱ्हाईकाकडेही. (ही प्रत द्यायला मावसभावाचा अजून विरोध असतो.) लांबवर पसरलेला प्लांट, लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर), ४–२० मिलिअँपचे (तापमान, लेव्हल असं कमी-जास्त होणारं माप सांगणारे) बरेच सिग्नल असतील तरच मॉड्यूलर.

त्या फाउंड्रीत पुढे आम्ही पदरमोड करून १२१४सी बसवला. शेजारी रेलवर, म्हणजे पॅनलमधल्या ज्या पट्टीवर हे डबे बसतात तिच्यावर, वीतभर जागा रिकामी ठेवली. मालकांनी विचारलं, "ही कशाला?" मावसभाऊ म्हणाला, "तुमच्या पुढच्या फोनसाठी." फोन दिवाळीआधीच आला.