येत नाही की करत नाही

मी ट्रेनर आहे, कंपन्यांमधे जाऊन मोठ्या माणसांना शिकवते. लोक काय काय गृहीत धरून चालतात हा तर माझा आवडता विषय, मला झोपेतून उठवून विचारलंत तरी तासभर बोलेन. त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते लिहायला जरा लाजच वाटतेय, पण लिहिते.

काम असं होतं. एका कारखान्यात मेंटेनन्सला नवीन सिस्टिम आली होती. मशीन बंद पडलं की फिटरने टॅबवर एंट्री करायची, आधी हेच सगळं रजिस्टरमधे लिहायचे. सहा महिने झाले तरी रजिस्टर चालू आणि टॅब कपाटात. दोन ट्रेनिंग होऊन गेलेली, हे तिसरं. मॅनेजर फोनवर म्हणाले, "सगळे पन्नाशीच्या पुढचे आहेत हो, नवीन काही डोक्यात शिरत नाही." मी मनात म्हणलं, बघा, वय बघून काय धरून बसलेत हे! आणि स्वतःवर जाम खूश झाले.

जायच्या आधी मी एक फॉर्म पाठवला होता, "सिस्टिममधला कोणता भाग अवघड जातो?" आणि खाली पर्याय. सगळ्यांनी काही ना काही टिक केलेलं, जास्त करून पासवर्ड. म्हणलं झालं, सुरुवात लॉगिनपासून.

सेशनची सुरुवात मी नेहमी एका खेळाने करते. पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० मधे हा प्रयोग छापला होता. २-४-६ हे तीन आकडे एका नियमात बसतात, नियम माझ्या मनात, तुम्ही तुमचे तीन आकडे सांगायचे, मी हो किंवा नाही म्हणणार, आणि खात्री झाली की नियम सांगायचा. लोक ८-१०-१२ म्हणतात, हो. २०-२२-२४, हो. मग एकदम कॉन्फिडन्सने "दोन दोनने वाढणारे!" तर चूक. नियम एवढाच असतो की आकडे चढत जायला हवेत, १-२-५० पण चाललं असतं, पण आपलं खोटं ठरेल असा आकडा कुणी टाकूनच बघत नाही. वेसनच्या २९ विद्यार्थ्यांपैकी फक्त ६ जणांनी आधी चुकीचा नियम न सांगता थेट बरोबर सांगितला होता. फिटर मंडळीही तशीच फसली, हसली, मी नेहमीचं भाषण दिलं की आपल्याला 'हो' ऐकायची किती सवय असते वगैरे.

मग स्क्रीनवर लॉगिन उघडलं आणि एकेक पायरी सांगायला लागले. वयाने सगळ्यात मोठे एक जण होते, त्यांना सगळे मामा म्हणत होते. ते थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मॅडम, द्या तो टॅब." आणि काय सांगू, मी पायरी दोनवर होते तोवर यांची अख्खी एंट्री करून सेव्ह झाली पण.

मी म्हणलं, "मामा, तुम्हाला तर सगळं येतंय!"

"येतंय की. पहिल्या ट्रेनिंगलाच आलं."

"मग करत का नाही?"

त्यांनी कारणाची यादी उघडून दाखवली. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑपरेटर, इतर. "बेअरिंग बदलायला मला वीस मिनिटं लागतात. ते स्टोअरमधून यायला दोन तास. इथे दिसतं काय, माझं नाव आणि दोन तास वीस मिनिटं. रजिस्टरमधे मी लिहितो, स्पेअरची वाट बघितली. इथे ते लिहायला जागाच नाही. आणि इतर टाकलं की दुसऱ्या दिवशी फोन, इतर म्हणजे काय."

"मग फॉर्ममधे हे का नाही लिहिलंत?"

"तुम्ही अवघड काय ते विचारलंत. पासवर्ड अवघडच आहे."

सगळे हसले, मी पण हसले, पण कान गरम झालेले मला कळत होते. फॉर्म म्हणजे माझं ८-१०-१२ होतं. करत नाहीत म्हणजे येत नाही, हे मी धरूनच चालले होते आणि फक्त काय काय येत नाही ते विचारलं होतं, उत्तर 'हो' येणारच. मॅनेजरच्या आणि माझ्या समजुतीत फरक एवढाच की ते वयाला दोष देत होते आणि मी आधीच्या ट्रेनरला. बरं, माझं तर पोटच या समजुतीवर चालतं, ती तपासायची मला तरी कशाला सुचेल?

जॅक मेझिरो नावाचे प्रौढशिक्षणातले अमेरिकन प्राध्यापक होते, मोठ्या वयात कॉलेजला परतलेल्या बायकांचा अभ्यास करून १९७८ मधे त्यांनी मांडलं की मोठ्या माणसाची विचारांची चौकट बहुतेकदा एखादा धक्का बसल्यावर हलायला लागते, नुसती माहिती दिल्याने नाही. हे मी कितीतरी स्लाइडवर दाखवलंय, पण त्यात हलणारी माणसं समोर बसलेली असतात असंच माझ्या डोक्यात होतं.

लॉगिन राहिलं बाजूला. मॅनेजरना बोलावून घेतलं, मामांनी परत तेच दाखवलं. ते खरंच चकित झाले, म्हणाले, "अहो, नाव तर सिस्टिम आपोआप टाकते, मी त्या कॉलमकडे बघत पण नाही." एक तरुण फिटर हळूच म्हणाला, आम्हाला वाटलं होतं पकडायलाच आणलंय हे. म्हणजे तिकडेही कुणी विचारून बघितलं नव्हतं. पण मामा काही विरघळले नाहीत. "तुम्ही बघत नाही साहेब, पण सकाळच्या मिटिंगला तो रिपोर्ट भिंतीवर असतो, बाकीचे बघतात."

यावर मॅनेजर काही बोलले नाहीत. नंतर यादीत 'स्पेअरची वाट' हा पर्याय आला असं कळलं, नावाच्या कॉलमचं काय झालं ते मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं.

परवा दुसरीकडून मेल आला, लोक नवीन सिस्टिम वापरत नाहीत, ट्रेनिंग हवंय. फॉर्म बनवायला बसले आणि बोटांनी आपोआप टाइप केलं, "तुम्हाला कोणता भाग अवघड". खोडलं. त्यांना लिहिलंय, आधी त्यांचं जुनं रजिस्टर मला बघायला द्या. अजून उत्तर नाही.