आमची वाटचाल : स्टुडिओ बंद पडला नाही, बंद केला गेला

आमचा ॲनिमेशन स्टुडिओ तोट्यामुळे बंद पडला असं अजूनही सांगितलं जातं. साफ खोटं आहे. टाळं लागलं तेव्हा एका मालिकेचे अर्धे भाग तयार होते, पुढच्यांचं कंपोझिटिंग (चित्रांचे थर एकत्र जोडणं) चालू होतं.

सुरुवात दोघांची. कीज, म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं, मी काढायचो; इनबिट्वीन (त्यांच्या मधली चित्रं) आणि क्लीनअप (रेषा साफ करणं) भागीदाराकडे. सेकंदाला २४ फ्रेम. टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून, काम केलं तरी मिनिटाला ७२० चित्रं, तीही एकाच पात्राची. कागद जागेवर धरणाऱ्या पेगची (खुंट्यांची) भोकं जरा सैल झाली की पडद्यावर पात्र थरथरतं, म्हणून भोकं पाडायच्या पंचाला तो कोणाला हात लावू देत नसे. पाच कागद बोटांत धरून फ्लिप करताना त्याला जी खोट दिसायची, ती पुढे महागड्या मॉनिटरवरही आमच्या पोरांना दिसली नाही. एक्सपोजर शीट, म्हणजे कोणत्या फ्रेमला कोणतं चित्र आणि कोणता आवाज याचा तक्ता, त्याचीच. म, प, ब आले की ओठ आवाजाच्या फ्रेमभर आधी मिटलेच पाहिजेत, यावरून त्याने माझ्याशी किती वाद घातले! बरोबर तोच असायचा.

मग जाहिराती, शैक्षणिक फिल्म, कागद जाऊन टॅबलेट. बरं चाललं होतं.

मोठी कंपनी आम्हाला विकत घ्यायला आली ती हिशेब तपासायला माणसं घेऊन. पात्रांचे हक्क, सॉफ्टवेअरचे परवाने, रेंडर फार्म (अंतिम फ्रेम तयार करणारे संगणक), सगळ्याच्या याद्या मागितल्या. पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या चित्रांची हालचाल, दाखवा असं एकही जण म्हणाला नाही. स्टुडिओ चालू ठेवण्याचं कलम आमच्या वकिलाने घातलं होतं, ते त्यांनी अडून बसून काढायला लावलं. विक्रीची उरलेली रक्कम आमच्या पुढच्या उलाढालीवर अवलंबून ठेवली आणि नवी कामं स्वतःच्या दुसऱ्या युनिटकडे वळवली. उलाढाल गाठणार कशी? त्यानंतर ‘पुनर्रचना’ म्हणत टाळं. सर्व्हर त्याच दुपारी बंद. पोरांना शोरीलसाठी, म्हणजे काम मागताना दाखवायच्या नमुन्यांसाठी, स्वतःचे शॉटसुद्धा काढून घेता आले नाहीत. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

मोठेही यातून सुटत नाहीत म्हणा. १९८७ चा अमेरिकेतला ब्लू स्काय हा ॲनिमेशन स्टुडिओ २०१९ मध्ये त्याच्या मालक कंपनी फॉक्सबरोबर डिस्नेकडे गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये बंद झाला. त्यांचा अर्धा राहिलेला चित्रपट निदान इतरांनी पुरा केला, २०२३ मध्ये लोकांनी पाहिला. आमच्या मालिकेच्या नशिबी तेही नाही.

नव्या स्टुडिओवाल्यांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. शोरीलचा हक्क कलाकारांच्या नावाने लेखी घ्या. पात्रं ठराविक मुदतीत वापरली नाहीत तर परत मिळतील असं कलम घाला. उरलेली रक्कम उलाढालीवर ठेवणार असतील, तर कामं दुसरीकडे वळवायला बंदी घाला, नाहीतर सही करू नका.

आमची पात्रं सध्या त्यांच्या हक्कांच्या यादीत नुसती पडून आहेत. ती विकत परत घ्यायची भागीदाराची आणि माझी तयारी आहे. मागणी केली की कायदा विभागाकडून एका ओळीचं उत्तर येतं : विक्रीस उपलब्ध नाहीत.